गहू एवढ्यात बंद करू नका, ताई

डॉक्टर मॅडम, सा. न. वि. वि.
आम्ही कळंब्याला राहतो. थोरली मुलगी अकरा वर्षांची, सहावीत आहे. दोन वर्षं झाली, तिची उंची जागच्या जागी आहे. पोट फुगतं, सारखं तोंड येतं, शाळेतून आली की दप्तर टाकून झोपते. लोहाची गोळी वर्षभर चालू आहे, तरी हिमोग्लोबिन ८.४ च्या वर जात नाही. डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. त्यात ‘अँटी टीटीजी आयजीए ८६’ आलं, पुढे नॉर्मल २० च्या आत असं छापलंय. डॉक्टर म्हणाले सिलियाक, म्हणजे आतड्याला गहू न सोसण्याचा आजार असू शकतो, दुर्बिणीने बघून बायोप्सी करावी लागेल. बायोप्सी म्हटल्यावर घरात सगळ्यांचे हातपाय गळाले. सासूबाई म्हणतात, आमच्या सात पिढ्या गहू खात आल्या, कुणाला काही झालं नाही. जाऊबाई म्हणाल्या, गहू बंद करून बघा, आपोआप कळेल. म्हणून पाच आठवडे साधा गहू बंद आहे, खपलीच्या चपात्या देतोय. खपलीत ते ग्लुटेन नसतं म्हणे. परवा मिस्टरांनी दुसऱ्या लॅबमध्ये परत तपासून घेतलं, तर आकडा ४३ आला. तिथे नॉर्मल १० च्या आत आहे. निम्म्यावर आलं म्हणून सासूबाईंनी अंबाबाईची ओटी भरली. आता दुर्बीण कशाला, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. त्याच वेळी धाकट्याचंही रक्त दिलं, तो सात वर्षांचा आहे. त्याचा टीटीजी १.२, म्हणजे नॉर्मल. टोटल आयजीए म्हणून अजून एक ओळ आहे, थोरलीचं १४० आणि धाकट्याचं ६, त्याच्या पुढे खाली बाण आहे. पण लॅबमध्ये कोणी काही बोललं नाही. तेवढं एक पोर सुटलं. थोरलीने रक्त देताना नाष्टा केला होता, त्यामुळे काही चुकलं असेल का? एक पुण्याची जीन टेस्ट पण कोणीतरी सुचवली आहे. आणि मुलगी रोज विचारते, मला परत मिसळ-ब्रेड खायला मिळणार का?
– एक आई, कळंबा

ताई, नमस्कार.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ‘तेवढं एक पोर सुटलं’ ही. तिच्याकडे मी येणारच आहे. पण आधी थोरलीचं बघू, कारण घरातले तिची तपासणी रद्द करायला निघालेत आणि ते मला थांबवायचं आहे.

मी २५ वर्षं पॅथॉलॉजीत आहे. रिपोर्टचं पाकीट हातात पडलं की माणसं काउंटरपाशी उभ्याउभ्याच फाडतात, आणि नजर थेट ठळक छापलेल्या आकड्यावर जाते. त्याच्या उजवीकडे बारीक अक्षरात जी मर्यादा छापलेली असते, ती कोणी वाचत नाही. तुम्ही ती वाचलीत आणि मला लिहूनही कळवलीत. तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

८६ आणि ४३ हे एकाच मापाचे आकडे नाहीत. ही तपासणी कशी होते ते सांगते, म्हणजे पटेल. तळहाताएवढी पारदर्शक प्लास्टिकची प्लेट असते, तिच्यात ९६ खळगे. प्रत्येक खळग्याच्या तळाशी टीटीजी नावाचं एन्झाइम चिकटवलेलं असतं. हे एन्झाइम आपल्या सगळ्यांच्या शरीरात असतं, झालेली इजा सांधण्याच्या कामी येतं. सिलियाक झालेल्या माणसाचं शरीर गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनावर चिडतं, आणि त्या भरात स्वतःच्याच या एन्झाइमविरुद्ध अँटिबॉडी तयार करतं. रक्त गोठल्यावर वर जे पिवळसर पाणी सुटतं ते आम्ही या खळग्यात घालतो. अँटिबॉडी असल्या तर त्या तळाला धरून बसतात, बाकीचं धुऊन जातं. मग रंगाचं औषध घातलं की खळगा निळा होत जातो, आम्ल घालून थांबवला की पिवळा. अँटिबॉडी जितक्या जास्त, तितका पिवळा गडद. मशीन तो रंग मोजतं आणि कंपनीने ठरवलेल्या मापात आकडा देतं.

हे माप प्रत्येक कंपनीचं वेगळं. एकीच्या मापात २० पर्यंत नॉर्मल, दुसरीच्या १० पर्यंत, तिसरीच्या आणखी काही. एकाने पायलीने मोजलं, दुसऱ्याने किलोने मोजलं, आणि आपण नुसते आकडे शेजारी ठेवून धान्य निम्मं झालं म्हणायचं, तसं हे झालंय. म्हणून आम्ही आकडा मर्यादेच्या किती पट आहे ते बघतो. ८६ ला २० ने भागा, ४.३ येतात. ४३ ला १० ने भागा, ४.३ च येतात. दोन कंपन्यांची पटसुद्धा काटेकोर जुळत नाही, त्यामुळे अगदी तंतोतंत तेवढंच आहे असं मी म्हणणार नाही. पण निम्म्यावर आलं असं तर मुळीच म्हणता येत नाही. सासूबाईंनी ओटी भरली ते चांगलंच केलं, फक्त त्या आकड्याच्या भरवशावर दुर्बीण रद्द करू नका.

आणि तो आकडा खाली का आला नाही, याचं कारणही तुमच्या पत्रातच आहे. खपली.

खपली हा गहूच आहे, ताई. जुन्या जातीचा, कृष्णाकाठी आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या पिकणारा, खिरीला आणि लाडवाला नंबर एक. पचायला हलका वाटतो असं खूप जण सांगतात आणि मलाही त्याची खीर आवडते. पण त्यात ग्लुटेन आहे. सिलियाकच्या माणसाला साधा गहू आणि खपली यांत फरक नाही. हल्ली शुगरवाल्यांना खपली खपवता खपवता काही विक्रेते ‘ग्लुटेन नाही’ असंही बोलून जातात, ते खोटं आहे. म्हणजे तुमच्या मुलीचा गहू बंद झालेलाच नाही. पोट थोडं बरं वाटत असेल तर ते बिस्किटं, ब्रेड, टोस्ट कमी झाल्यामुळे असेल.

एका अर्थाने ही चूक तुमच्या पथ्यावर पडली. का ते सांगते, कारण या सगळ्या पत्राला माझं एकच खरं उत्तर आहे: तपासण्या पुऱ्या होईपर्यंत गहू सोडायचा नाही.

या अँटिबॉडी शरीर ग्लुटेन बघून तयार करतं. ग्लुटेन यायचं थांबलं की काही महिन्यांत अँटिबॉडी ओसरत जातात, आतडंही हळूहळू सावरायला लागतं. मग रक्त तपासलं तर नॉर्मल, दुर्बीण घातली तर तिथेही धड काही दिसत नाही. आजार असतो, पण पुरावा पुसलेला असतो. माझ्याकडे दर दोन-चार महिन्यांनी असं कोणी ना कोणी येतं. वर्षभर स्वतःच्या मनाने गहू सोडलेला, बरं वाटतंय, आणि आता नक्की काय आहे ते हवंय. त्यांना परत रोज गहू खायला सांगावं लागतं, सहसा सहा ते आठ आठवडे, रोज निदान एक-दोन चपात्या. एका मध्यम चपातीत अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन जातं, तेवढं पोटात जायला लागतं. काहींना त्यात इतका त्रास होतो की मध्येच सोडून देतात, आणि मग आयुष्यभर ‘बहुतेक असावं’ यावरच राहतात. तुमच्या लेकीवर ती वेळ आलेली नाही. तुमच्या डॉक्टरांना पाच आठवड्यांत तिने नेमकं काय खाल्लं ते खपलीसकट सांगा, आणि त्यांनी हो म्हटलं की घरातल्या सगळ्यांसारखी चपाती तिला परत सुरू करा.

आता बायोप्सीबद्दल. हा शब्द आपल्याकडे कॅन्सरला चिकटून बसलाय, म्हणून घर हादरतं. इथे कॅन्सर शोधायचा नाहीये. मुलगी उपाशीपोटी जाईल, तिला गुंगीचं औषध देतील, करंगळीपेक्षा बारीक नळी तोंडातून जठराच्या पुढे लहान आतड्याच्या सुरुवातीला नेतील आणि चिमट्याने अगदी छोटे तुकडे घेतील. निदान चार पुढच्या भागातून आणि एक-दोन अगदी सुरुवातीच्या भागातून. आजार सगळीकडे सारखा नसतो, डागाडागांनी असतो, म्हणून एका तुकड्यावर भागत नाही. हे तुम्ही आधीच विचारून घ्या, ‘किती तुकडे घेणार?’ म्हणून. विचारायला संकोच करू नका. माझ्याकडे ते छोट्या बाटलीत येतात, तळाशी मोहरीच्या दाण्याएवढे पांढुरके कण. काचेवर घेऊन बघितले की निरोगी आतड्याला मखमलीसारखी उभी लव दिसते. सिलियाकमध्ये ती लव आखूड होत जाते आणि शेवटी जुन्या मखमली ब्लाउजच्या कोपरासारखी सपाट होते. अन्न शोषून घेणारी तीच लव. लोह मुख्यतः याच सुरुवातीच्या भागात शोषलं जातं, म्हणून वर्षभर गोळी खाऊनही हिमोग्लोबिन जागचं हललं नाही. गोळीत खोट नव्हती, तुम्ही चुकवलीही नसेल. ती आत शिरायचं दारच बंद आहे. रिपोर्टमध्ये ‘मार्श’ असा शब्द आणि पुढे ० ते ३ असा आकडा दिसेल. ती लव किती झिजली त्याची पायरी आहे, त्याला कॅन्सरची स्टेज समजू नका. लहान मुलांची लव पथ्य पाळलं की पुन्हा चांगली उगवते, हे मी माझ्या डोळ्यांनी काचेवर बघितलं आहे.

बायोप्सीशिवाय निदान होतच नाही असंही नाही. युरोपातल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली सांगितलं की टीटीजी मर्यादेच्या दहा पट किंवा जास्त असेल आणि दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्तात ईएमए नावाची तपासणीही पॉझिटिव्ह असेल, तर मुलांमध्ये दुर्बीण टाळता येते. म्हणजे तुमच्या पहिल्या लॅबच्या मापात २०० किंवा त्याच्या पुढे. तुमची मुलगी त्यात बसत नाही. ४.३ पट हा ठळक पॉझिटिव्ह आहे, पण तेवढ्यावर शिक्का मारता येत नाही. ईएमए मात्र डॉक्टरांना विचारून करून घेण्यासारखी आहे. ती आम्ही अंधाऱ्या खोलीत फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली बघतो. पॉझिटिव्ह असली की काळ्या पार्श्वभूमीवर पोपटी रंगाची बारीक जाळी उजळून येते, मधाच्या पोळ्यासारखी. ती जाळी एकदा स्पष्ट दिसली की शंकेला जागा फार कमी उरते. टीटीजी थायरॉइडच्या, लिव्हरच्या किंवा टाइप १ डायबेटिसच्या काही लोकांत सिलियाक नसतानाही थोडासा वर येतो, ईएमए तसा फसवत नाही.

माझं मत विचाराल तर तुमच्या मुलीला सिलियाक असण्याची शक्यता मोठी आहे. उंची, तोंड येणं, न वाढणारं हिमोग्लोबिन आणि हा आकडा, सगळं एकाच दिशेला बोट दाखवतंय. मग शिक्कामोर्तब हवंच कशाला, असं तुम्ही म्हणाल. कारण ती अकराची आहे. हे पथ्य तिला पुढे साठ-सत्तर वर्षं पाळायचंय, हॉस्टेलवर, नोकरीच्या गावी, लग्नानंतर दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरात. तिथे कोणीतरी म्हणणारच, ‘एवढ्याने काय होतंय, खा.’ त्या वेळी ‘आमच्या काकूने सांगितलं होतं’ एवढ्यावर तिचा निभाव लागणार नाही. तिच्या हातात पक्का कागद हवा.

आता धाकटा.

‘टीटीजी आयजीए’ या नावात दोन गोष्टी आहेत. टीटीजी म्हणजे अँटिबॉडी कशाविरुद्ध आहे ते, आयजीए म्हणजे ती कोणत्या जातीची आहे ते. अँटिबॉडीच्या अनेक जाती असतात, आयजीए ही त्यातली एक. काही माणसांच्या शरीरात आयजीए जवळजवळ बनतच नाही. चार वर्षांपुढच्या मुलात टोटल आयजीए ७ मिलिग्रॅमच्या खाली असेल तर आम्ही कमतरता म्हणतो. तुमच्या मुलाचा ६ आहे, बहिणीचा १४०. ज्याच्याकडे आयजीएच नाही, त्याची टीटीजी आयजीए कमीच येणार, आजार असो वा नसो. गावात पोस्टमनच नसेल तर पत्र आलं नाही म्हणून कोणी लिहिलंच नाही असं कसं म्हणायचं? त्याचा १.२ हा आकडा आपल्याला काहीच सांगत नाही. आणि तो खाली दाखवणारा बाण त्या कागदावरची सगळ्यात महत्त्वाची खूण आहे.

हे मी इतकं जोर देऊन का सांगते, तर ही चूक माझ्या हातून झाली आहे. नवी नवी लॅब होती तेव्हाची गोष्ट. कागलकडच्या एक बाई आल्या होत्या, तिशी ओलांडलेल्या, हिमोग्लोबिन सातच्या आसपास, वजन उतरत चाललेलं. टीटीजी आयजीए नॉर्मल आला आणि मी स्वतः त्यांना म्हणाले, ‘सिलियाक नाही हो तुम्हाला, काळजी सोडा.’ टोटल आयजीए मी केलंच नव्हतं. दोन वर्षांनी दुसऱ्याच कारणाने त्यांची दुर्बीण झाली आणि तुकडे माझ्याच मायक्रोस्कोपखाली आले. लव सपाट. मग आयजीए केलं, तर जवळजवळ शून्य. त्या बाईंना दोन वर्षं फुकट त्रासात काढावी लागली, माझ्या एका वाक्यामुळे. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, त्याने मला जास्तच लागलं. तेव्हापासून माझ्याकडे टोटल आयजीएशिवाय टीटीजीचा रिपोर्ट बाहेर जात नाही.

सिलियाकच्या शंभर रुग्णांत दोन-तीन जण असे आयजीए नसलेले असतात. त्यामुळे धाकट्याचं असं करा. टोटल आयजीए एकदा परत करून खात्री करा. मग आयजीजी जातीच्या अँटिबॉडी तपासायला सांगा, ‘डीजीपी आयजीजी’ किंवा ‘टीटीजी आयजीजी’. ही नावं कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या, कारण सगळ्या लॅबमध्ये त्या रोज होत नाहीत, काही वेळा नमुना मुंबई-पुण्याला पाठवावा लागतो. त्या पॉझिटिव्ह आल्या तर त्यालाही दुर्बीण लागेल. तोवर त्याचाही गहू चालू ठेवा. घाबरू मात्र नका. आयजीए कमी असलेली पुष्कळ माणसं काहीही त्रास न होता आयुष्य काढतात, काहींना सर्दी-खोकला, कान फुटणं जरा जास्त होतं. फक्त त्याच्या फाईलवर ही नोंद लाल पेनाने करून ठेवा आणि कधी रक्त चढवायची वेळ आली तर आधी डॉक्टरांना सांगा. तुम्ही आणि मिस्टर, दोघांनीही एकदा टीटीजी आणि टोटल आयजीए करून घ्या. आईवडील, भावंडं यांच्यात दहा जणांत एखाद्याला हा आजार निघतो, बऱ्याचदा काहीही जाणवत नसताना.

नाष्ट्याने काही बिघडलेलं नाही, या तपासणीला उपाशीपोटी जावं लागत नाही. जीन टेस्ट आत्ता नको. डीक्यू२ आणि डीक्यू८ नावाच्या या जीन आपल्याकडे साधारण तिघांतल्या एकाला असतात, आणि त्यातल्या मोजक्यांनाच आजार होतो. त्या ‘नाहीत’ असा रिपोर्ट आला तर सिलियाक जवळजवळ निकालात निघतो, ‘आहेत’ आला तर काहीच ठरत नाही. कधी निदान अडकून पडलं तर डॉक्टर ती सांगतील. आणि शंभर-दोनशे खाद्यपदार्थांची ‘आयजीजी फूड पॅनल’ नावाची एक महागडी तपासणी विकली जाते, तिच्यावर पैसे घालवू नका. तिचा सिलियाकशी काही संबंध नाही. गव्हाची ॲलर्जी ही आणखी वेगळी गोष्ट, तिची तपासणी आयजीईची.

सासूबाईंचं म्हणणं मला समजतं. गव्हाला नावं ठेवलेली आपल्याला सहन होत नाहीत. त्यांना सांगा, गहू वाईट नाही, फक्त या एका मुलीच्या आतड्याला तो सोसत नाही. डॉक्टरांनाही हे पटायला फार वर्षं गेली. हॉलंडमध्ये डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते, त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात महायुद्धामुळे तिथे अन्नाचा दुष्काळ पडला, ब्रेड मिळेनासा झाला, आणि सगळा देश भुकेने हाल काढत असताना त्यांच्या वॉर्डातली ही मुलं मात्र सुधारली. ब्रेड परत आला तशी परत आजारी पडली. सात पिढ्यांचं म्हणाल, तर दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी तिकडच्या वस्तीत घरोघर तपासण्या केल्या आणि २०११ साली छापलं की तिथे ९६ माणसांत एकाला सिलियाक आहे. पुढे २०१६ मध्ये देशाच्या तीन भागांची तुलना आली. उत्तरेत शंभरात एकाहून थोडं जास्त, दक्षिणेत हजारात एक. जीन दोन्हीकडे जवळपास सारख्याच, गव्हाचं प्रमाण मात्र उत्तरेत कितीतरी पट जास्त. आपण कोल्हापूरकर मधे. आजीच्या ताटात भाकरी होती, नातीच्या डब्यात चपाती, मधल्या सुट्टीत बिस्किट, संध्याकाळी टोस्ट. सासूबाईंना विचारा, त्यांच्या लहानपणी आठवड्यातून किती वेळा चपाती व्हायची.

निदान पक्कं झालं की पथ्य सुरू होईल, आणि ते तुम्हाला वाटतंय तितकं अवघड आपल्या स्वयंपाकात नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, भात, वरी, डाळी, सगळं चालतं. तांबडा-पांढरा रस्सा भाकरीबरोबर खाणाऱ्या गावात राहतो आपण. अडचण येते ती न दिसणाऱ्या गव्हाची. गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ ज्वारी टाकली की जात्यात राहिलेला गहू तुमच्या पिठात येतो. घरघंटी घेता आली तर घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. हिंगाची डबी उलटी करून बारीक अक्षरं वाचा, बहुतेक डब्यांत मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि आपल्याकडे फोडणी हिंगाशिवाय होत नाही. रवा, दलिया, शेवया हे गव्हाचेच. पोळपाट-लाटणं आणि चाळण तिची वेगळी. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर आपल्या देशाच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आतच ग्लुटेन लागतं, त्यामुळे नुसतं ‘गव्हाविना’ लिहिलेल्यापेक्षा ते शब्द शोधा. आहारतज्ज्ञांना एकदा भेटाच, एवढ्या कागदावर मावणारं हे काम नाही.

पथ्य सुरू करायच्या आधी तिचं फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा), बी१२, डी व्हिटॅमिन, थायरॉइड आणि लिव्हरची तपासणी एकदा होऊ द्या, हे आकडे पुढे तुलनेला लागतात. पथ्यानंतर टीटीजी सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने. आणि कृपा करून एकाच लॅबमध्ये. कोणत्याही एका, माझ्याकडे यायची गरज नाही. तेव्हा मात्र ८६ चे ४३ झाले तर खरोखर निम्मे झाले म्हणायचं. मर्यादेच्या आत यायला वर्षभर, कधी दीड-दोन वर्षंही लागतात. खाली खाली येत असेल तर धीर धरा. मध्येच वर गेला तर पोरीला रागवू नका, आधी हिंगाची डबी आणि गिरणी तपासा.

राहिला तिचा प्रश्न. पथ्य लागल्यावर मिसळ मिळेल, ब्रेड नाही मिळणार. घरी केलेली मटकीची उसळ, झणझणीत कट, हिंग न घातलेली घरची शेव, आणि सोबत भाकरी. हे तिला आत्ताच खरं खरं सांगा, अकरा वर्षांच्या मुलीला ते समजतं. पण दुर्बिणीची तारीख अजून लागायची आहे आणि तोवर तिच्या पोटात गहू जायलाच हवा. तेव्हा उद्या डॉक्टरांना फोन करा, आणि त्यांनी हो म्हटलं की या रविवारी तिला घेऊन जा आणि मिसळीबरोबर ब्रेडचे दोन स्लाइस खाऊ द्या.